लाल रेघेतल्या चौदा जणी

"म्हणजे पोरांना गोळी लागू पडती आणि पोरींना न्हाई? ही कुठली तऱ्हा, डॉक्टरसाहेब?"

बाबासो पाटोळे टोपी हातात चुरगाळत विचारत होते. शेजारी त्यांची मुलगी तनुजा बसली होती, एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करताना दम लागायला लागला, म्हणून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या. रक्ताचा कॅन्सर, सावकाश वाढणाऱ्या जातीचा.

डॉक्टर रत्नपारखींनी माझ्याकडे नुसता हात केला. मी बगलेतली गुंडाळी सोडून टेबलावर पसरली. आलेखाचा कागद होता तो, मीच काढलेला. निळी रेघ मुलांची, लाल रेघ मुलींची.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. कोल्हापूरकडच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी रेकॉर्ड क्लार्क होते. पेशंटची तोंडं मी फारशी पाहत नसे, कागद पाहत असे. खिडकीवरून कागद यायचे, मी फाइल करायची, कपाटात लावायची. डॉक्टरांना दहा वर्षांचा हिशेब हवा होता, या आजाराचे किती पेशंट किती वर्षं जगले त्याचा. महिनाभर खपून मी तो काढून दिला होता. खोटं कशाला बोलू, त्या कागदाचा मला मोठा अभिमान वाटत होता. रेघा काय सुबक आल्या होत्या!

"हे बघा," डॉक्टर म्हणाले. "पूर्वी या आजाराचा माणूस चार-पाच वर्षांत जायचा. मग ही गोळी आली. रोज घ्यायची, जन्मभर. विसाव्या वर्षापर्यंत गोळी सुरू केलेली आमच्याकडची मुलं एकतीस. चार गेली, बाकीची ठणठणीत. ही निळी रेघ. पण तेवीस मुलींपैकी चौदा गेल्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत छान असतात आणि मग रेघ अशी खाली येते. का, ते मला कळत नाही. पण दिसतंय ते दिसतंय."

"मग आता?"

"हिच्या बहिणीचा मॅरो, हाडातला मगज, जुळतोय. मुंबईला बोन मॅरो बदलून घ्या. सोमवारी दुपारच्या गाडीनं निघा, खाट मिळालीय. ही संधी गेली तर चार महिने थांबावं लागेल."

"त्यात जिवाला धोका?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "महिनाभर बंद खोलीत ठेवतात. शंभरातले वीसेक जण तिथून परत येत नाहीत. आणि आली तरी पुढं मूल होणं अवघड. पण ही लाल रेघ बघितल्यावर मी तिला गोळीवर ठेवू शकत नाही."

बाबासोंनी मान खाली घातली. मी कागद गुंडाळून बाहेर आले, तर मागून तनुजा आली. ही पोरगी रडत नव्हती. उलट माझ्यावरच डाफरली.

"बाई, त्या लाल रेघेतल्या मुली कशानं मेल्या?"

"कॅन्सरनं, बाळ."

"म्हणजे काय झालं त्यांना? गोळी बंद पडली, ताप आला, रक्त वाढलं, काय झालं? चौदा जणी मेल्या आणि एकीचंही कुणाला ठाऊक नाही?"

ठाऊक असेल कसं? आमच्याकडे पद्धतच तशी होती. सहा महिने पेशंट फिरकला नाही, की घरी पोस्टकार्ड टाकायचं. दोन-तीन कार्डांना उत्तर आलं नाही किंवा कार्ड परत आलं, की फायलीवर 'मृत' असा शिक्का मारायचा आणि फाइल मागच्या खोलीत. हा नियम मी केलेला नव्हता, पण शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. मारताना मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी त्या चौदा फायली काढून बसले. एकीतही शेवटच्या आजाराचा कागद नाही. सगळ्यांचा शेवटचा रिपोर्ट एकदम छान, आणि पुढं काही नाही. डोकं चालेना. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. माझा भाऊ यशवंत. आणि काय तापला होता म्हणता!

"तुझ्या हापिसात माणसं हायत का कोण? तुझा मोबाइल लागेना म्हणून सकाळधरनं दोनदा हापिसात फोन केला. मंगलला बोलवा म्हटलं, तर तो बाबा म्हणतो, मंगल नावाचं इथं कुणी न्हाई. दुसऱ्यांदा केला तर म्हणतो, कधीच नव्हतं, आणि ठेवलाच त्यानं!"

मी हसायलाच लागले. "अरे येड्या, इथं मंगल कोण ओळखतंय? लग्नात तांदळावर सुलभा लिहिलं ना तुझ्या दाजींनी! पंचवीस वर्षं मी सुलभा चौगुले आहे. मंगल शिंदे कधीच..."

आणि माझं वाक्य तिथंच अडकलं.

मंगल शिंदे कधीच संपली. असंच म्हणणार होते मी. आणि मी तर धडधडीत जिवंत, खुर्चीत बसलेली!

"हॅलो? हॅलो मंगल?" यशवंत ओरडत होता.

"यशवंता, तुझ्या तोंडात साखर पडो!" म्हणून मी फोन ठेवला आणि ओरडले, "रजाकभाई! धावा!"

रजाकभाई आमच्या रेकॉर्ड खोलीतले जुने शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते चहाचा कप घेऊनच धावत आले. "काय झालं? साप निघाला काय?"

"या चौदा मुली बघा. सगळ्या कुमारी. वयं बघा. अठरा, एकोणीस, वीस. आणि फायली बंद कधी पडल्या? तीन-चार वर्षांनी. बावीस-तेविसाव्या वर्षी पोरीचं काय होतं आपल्याकडं?"

"लग्न होतं की."

"आणि लग्नात?"

रजाकभाईंनी कप खाली ठेवला. "या अल्ला. नाव बदलतं."

"आडनाव बदलतं, नाव बदलतं, गाव बदलतं, रेशनकार्ड बदलतं. खिडकीवर ते बघूनच कागद करतात. नव्या नावानं आली की नवीन पेशंट! निवासी डॉक्टर दर सहा महिन्यांनी नवे. शेजारी सासरचं माणूस बसलेलं असतं, आधी कुठं दाखवलं विचारलं की पोरगी म्हणते, बाहेर. आणि आम्ही शहाणे, जुन्या फायलीवर मृत म्हणून शिक्का मारतो!"

पण नुसतं वाटून काय उपयोग? नाव वेगळं, गाव वेगळं, ओळखायचं कसं? मग आठवलं. आमच्या पहिल्या कागदावर एक रकाना असतो, 'ओळखीची खूण'. तो कुणी कधी वाचत नाही, पण खिडकीवरून तो भरून आल्याशिवाय मी कागद घेत नसे. नाव बदललं तरी अंगावरची खूण बदलत नाही.

आम्ही दोघं फरशीवर बसलो. एका बाजूला चौदा मृत कुमारी. दुसऱ्या बाजूला गेल्या पाच वर्षांत नव्यानं आलेल्या सगळ्या 'सौ.'च्या फायली. रजाकभाई खूण वाचायचे, मी शोधायची.

"उजव्या भुवईवर टाक्याचा व्रण."

"नाही... नाही... थांबा. सौ. वैजयंती! उजव्या भुवईवर टाक्याचा व्रण! रक्तगटही तोच!"

"डाव्या हाताला सहा बोटं."

"ही कशी लपेल? ही बघा, सौ. अलका. मागच्याच आठवड्यात येऊन गोळ्या घेऊन गेलीय!"

आम्ही लहान पोरांसारखे ओरडत होतो. एकेक सापडली की रजाकभाई टाळी वाजवायचे. शेजारच्या खोलीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या, आमचं डोकं फिरलंय की काय म्हणून. दुपारपर्यंत सहा सापडल्या. आमच्याच कपाटात, आमच्याच अक्षरात, माझ्याच हातानं मेलेल्या आणि माझ्याच हातानं नव्यानं जन्मलेल्या.

बारा फायली छातीशी धरून मी डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी एकेक जोडी ताडून पाहिली. त्यांचे कान लाल झाले.

"सहा," ते म्हणाले. "शाब्बास. पण आठ राहतात, चौगुलेबाई. तेविसात आठ. मुलांत एकतिसात चार. लाल रेघ अजून खालीच आहे."

"साहेब, त्या आठही अशाच कुठंतरी नांदत असतील! दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात."

"असतील. पण असतील यावर मी मुंबईची खाट सोडू? उद्या तनुजाचं बरंवाईट झालं तर?" त्यांनी एक फाइल उघडून त्यातलं कार्ड माझ्यापुढं धरलं. "हे वाचा. कु. छाया गोपाळ खोत, तळेवाडी. 'मुलगी छाया वारली. पुन्हा कार्ड पाठवू नये. गोपाळ खोत.' बापाच्या हातचं आहे. कुठला बाप असं खोटं लिहील?"

ते कार्ड मी स्वतःच फायलीला लावलं होतं.

"या आठांतली एक माझ्यासमोर जिवंत उभी करा," डॉक्टर म्हणाले. "हीच करा. मग मी मानीन की सगळी रेघच कुजकी आहे. सोमवारी दुपारपर्यंत."

शनिवारी सकाळी रजाकभाईंच्या स्कूटरवर मागं बसून मी तळेवाडीला निघाले. साठ किलोमीटर. कंबर मोडली, पण जिवात असा उत्साह की विचारू नका. वाटेत रजाकभाई म्हणाले, "बाई, खरंच वारली असली तर?" मी म्हटलं, "गप गाडी चालवा."

गोपाळ खोत अंगणात दावणीचा दोर वळत बसले होते. सुकलेला, ताठ माणूस. रुग्णालयाचं नाव काढलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"कार्ड लिवलं हुतं की. वारली म्हणून. परत कशाला आलासा?"

"कधी वारली, मामा?"

"झाली तीन वर्सं."

"कशानं?"

"कशानं म्हंजे? तुमच्याच रोगानं! जावा आता."

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची बायको आक्काताई पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मी पाणी मागितलं. बाईमाणूस दारी येऊन पाणी मागते म्हटल्यावर नाही कशी म्हणेल ती? मी उंबऱ्याच्या आत गेले. समोर भिंतीवर तीन फोटो होते. आजा, आजी, दोघांना चंदनाचे हार, कपाळाला गंध. आणि तिसरा एका मुलीचा, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. त्याला हार नव्हता. गंधाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी बाहेर आले. "मामा, लेकीच्या फोटोला हार का नाही घातला?"

दोर वळणारे हात थांबले.

"तीन वर्षं झाली म्हणता. आई-बापाला घातलाय. मग तिला का नाही?"

"ऱ्हाऊन गेलं," ते पुटपुटले.

तेवढ्यात आक्काताईचा बांध फुटला. "घाला की हार! लिवताना हात कापला न्हाई तुमचा, आता घाला हार! आणू का?" आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. "बाई, जित्ती हाय वो माझी पोर! इथनं तीन कोसांवर नांदती!"

मी काय केलं ठाऊक आहे? मी त्या अनोळखी बाईला मिठी मारली आणि रडता रडता हसायला लागले. रजाकभाई फाटकाबाहेर आभाळाकडं हात करून उभे.

मग गोपाळमामांनी सगळं सांगितलं. तुमचं कार्ड उघडं यायचं, त्यावर रुग्णालयाचं नाव छापलेलं. पोस्टमन चावडीवर वाचायचा. छायाचं लग्न ठरलं आणि नेमकं तेव्हाच कार्ड आलं. ते कसंबसं दाबलं. लग्न झालं, सासरी तिची ऊर्मिला झाली, आणि परत कार्ड आलं. सासरी कुणाला आजाराचा पत्ता नव्हता. "कार्डं थांबंनात. मग काय करू? एकदाच लिवलं. लिवलं आणि दोन दिस जेवलो न्हाई."

"आणि गोळ्या?"

"मी आणतो. दर म्हैन्याला बेळगावास्नं. बाजाराच्या दिशी भाजीच्या पिशवीत खाली घालतो आणि तिच्या घरी नेऊन देतो. एक दिस चुकवला न्हाई."

मी त्यांना तनुजाचं सांगितलं. सोमवारची गाडी, मुंबईची खोली, शंभरातले वीस. "तुमच्या कार्डावरून त्या पोरीचा निकाल लागतोय, मामा. छायाला एकदा घेऊन या. नुसतं उभं राहायचंय तिनं."

"तिचं घर मोडंल."

"त्या पोरीचा जीव जाईल."

ते दोर उचलून पुन्हा वळायला लागले.

सोमवारी दहा वाजता पाटोळे मंडळी बॅगा घेऊन आली. तनुजानं केस आधीच बारीक कापून घेतले होते, मुंबईला जाऊन तसेही जाणारच म्हणून. मला बघितल्यावर तिनं नुसत्या भुवया उडवल्या. मी नाही म्हणून मान हलवली. अकरा वाजले. साडेअकरा. डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी लिहायला घेतली. मी खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

पावणेबाराला खचाखच माणसं भरलेली एक वडाप जीप थांबली. त्यातून गोपाळमामा उतरले. मागून एक तरुण बाई, हिरवं लुगडं, भरलेल्या अंगाची. आणि तिचा हात घट्ट धरलेली एक दांडगी म्हातारी, नऊवारीतली, जी उतरल्या उतरल्याच बोलायला लागली होती.

"कुठं हाय त्यो डाक्टर? माझी सून मेली म्हणणारा?"

सगळी ओपीडी वळून बघायला लागली. मी धावत जाऊन त्यांना थेट आत नेलं.

"साहेब, ही छाया गोपाळ खोत!"

"छाया कुठली? ऊर्मिला म्हणा," म्हातारी म्हणाली. "आणि मी तिची सासू. काल तिचा बाप तिला सांगत हुता, ते ऐकून मीबी आले."

डॉक्टर उठून उभे राहिले. "आजी, म्हणजे हिच्या आजाराचं तुम्हाला काल कळलं?"

"वरीस दीड वरीस झालं. हा इवाय दर बाजाराला मेथी घेऊन येतो. मेथी निवडायला कोण बसतं? मी बसते. तळाला पाकिटं. मला वाचाय येत न्हाई, पर औषिद कळतंय की! ते घेऊन गेले आमच्या गावच्या डाक्टरकडं. त्यानं सांगितलं."

ऊर्मिला डोळे फाडून बघत होती. "आत्या, तुम्हाला ठाऊक हुतं? मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलायचं? तू राबतीस, जेवतीस, हसतीस. तुझ्या तोंडानं सांगशील म्हणून वाट बघत हुते. तू सांगंना, मी गुमान पाकिटं परत ठेवत गेले." मग ती गोपाळमामांकडे वळली. "आणि तुमी वो! माझी सून मेली म्हणून लिवणारं तुमी कोण?"

गोपाळमामांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

ऊर्मिलाचं रक्त काढलं. पाऊण तासात रिपोर्ट मी स्वतः पळत जाऊन आणला. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे. माझ्यासारख्या तुमच्यासारख्या माणसाच्या असतात तेवढ्याच.

डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन खाली बसले. "चौगुलेबाई, या मुलीला मेलेली धरून मी त्या मुलीला मुंबईला पाठवत होतो." मग त्यांनी समोरची चिठ्ठी उचलली आणि फाडली.

तनुजा ऊर्मिलाच्या समोर येऊन उभी राहिली.

"किती वर्षं घेतेस गोळी?" तनुजानं विचारलं.

"सहा वर्सं हुतील."

"पळता येतं?"

"पळायचं काय असतंय? म्हशीमागं पळते की रोज."

तनुजा जी हसली ना, आम्ही सगळेच हसायला लागलो. बाबासो पाटोळेंनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. त्यांना काय करावं कळत नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही उरलेल्या सातजणींचाही माग काढला. चारजणी नांदत होत्या, निपाणी, इचलकरंजी अशा ठिकाणी. तिघी मात्र खरंच गेल्या होत्या. चौदांपैकी अकरा जिवंत. अकरा फायलींवरचा शिक्का मी खोडला आणि प्रत्येक खोडलेल्या ठिकाणी सही केली. तेव्हापासून आमच्या कागदावर माहेरचं नाव लिहायचा रकाना आला, आणि कार्ड बंद पाकिटातून जायला लागलं.

मी आलेख नव्यानं काढत होते तेव्हा तनुजा गोळ्या न्यायला आली होती. माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. लाल रेघ निळीच्या शेजारून चालली होती.

"यात मी कुठं आहे, बाई?"

मी डावीकडं, अगदी सुरुवातीला, पेन्सिलीनं ठिपका दिला. "इथं."

तिनं बोट रेघेवरून उजवीकडं नेलं, सातव्या वर्षापर्यंत. तिथं रेघ तुटली होती. तिचं बोट थांबलं. "आणि इथं काय होतं?"

"काही होत नाही. गोळी येऊन एवढीच वर्षं झालीत. इथं कागद संपतो."

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी निवृत्त झाले, पण दरवर्षी एकदा जाऊन तिचा ठिपका पुढं सरकवून येते. आतापर्यंत दोनदा कागद जोडावा लागला.